ईआरपीतला स्टॉक रॅकवर सापडत नाही: दर महिन्याला येणारा फरक कसा शोधायचा

महिना संपला की हा फोन ठरलेला असतो. "मॅडम, ४० एमएमचा बार सिस्टीममध्ये ९४० किलो दाखवतोय. रॅकवर सव्वातीनशे भरला." मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा कुणीतरी अ‍ॅडजस्टमेंटची एंट्री मारली, आकडा जुळला, सगळे घरी गेले. या महिन्यात फरक परत हजर, आणि गंमत म्हणजे जवळपास तेवढाच. मग मालकांचं नेहमीचं वाक्य येतं: हे सॉफ्टवेअरच भिकार आहे, दुसरं बघा.

मी भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात सात वर्षं स्टोअर आणि कॉस्टिंग सांभाळलं. आता अशाच कारखान्यांत ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून देते, आणि दुसऱ्याने बसवलेलं बिघडलं की तेही बघायला जाते. टॅलीत स्टॉक ठेवणारे, ईआरपीनेक्स्टवाले, ओडूवाले, सॅप बिझनेस वन घेतलेले, ओळखीच्या माणसाकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलेले, सगळ्यांकडून हीच तक्रार ऐकली आहे. दोष खरंच सॉफ्टवेअरचा असतो तेही पाहिलंय, पण क्वचित. त्याकडे शेवटी येते.

आधी पंचनामा

अ‍ॅडजस्टमेंट मारू नका, निदान आज तरी नको. तो फरक हाच तुमच्या हातातला पुरावा आहे. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधी झाडू मारला तर पोलिसांनी येऊन काय बघायचं?

तीन हजार आयटेम घेऊन बसायचीही गरज नाही. फरकाची किंमत रुपयांत काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे दहा घ्या. नगांत लावलं तर वॉशर पहिला येईल आणि कार्बाइड इन्सर्ट (कापायच्या हत्याराचं महागडं टोक) तळाला जाईल. या दहांपैकी प्रत्येकाची शेवटची जुळलेली तारीख शोधा, म्हणजे ज्या दिवशी मोजलेलं आणि सिस्टीममधलं एकच होतं तो दिवस. तिथून आजपर्यंतचा स्टॉक लेजर छापून घ्या. हो, कागदावर. स्क्रीनवर वरखाली करत बसलं की आधीची ओळ डोक्यातून जाते. कागदावर पेन्सिलने टिक करत गेलं की घोळ आपसूक वर येतो.

मग फरक वागतो कसा ते बघायचं. सिस्टीम जास्त दाखवते की कमी? फरक दर महिन्याला वाढतो की पहिल्या दिवसापासून तेवढाच आहे? आकडा कशाच्या पटीत बसतो का? दिवाळीच्या सुट्टीत मशिनं बंद होती तेव्हा फरकही थांबला होता का? एवढं विचारलं तरी बऱ्याच आयटेमचं निम्मं काम होतं.

पटकन सापडणारे घोळ

फरक पहिल्या दिवसापासून तेवढाच, ना वाढतो ना घटतो: ओपनिंग स्टॉक चुकलाय. गो-लाइव्ह (सिस्टीम चालू करायचा दिवस) धरतात १ एप्रिल, मोजणी उरकतात २८ मार्चला, आणि मधल्या दिवसांत मार्चएंडचं डिस्पॅच रात्रंदिवस चालू असतं. अशा आयटेमला एकदाच दुरुस्ती करा आणि विसरा. अ‍ॅडजस्टमेंट योग्य असते ती बहुधा इथेच.

एक आयटेम जेवढा जास्त तेवढाच दुसरा कमी: एका वस्तूचे दोन कोड. ६२०४ बेअरिंग घ्या. मास्टरमध्ये (आयटेमच्या यादीत) "बेअरिंग ६२०४" आहे, "६२०४ झेडझेड" आहे आणि "६२०४-२झेड" पण आहे. एका कंपनीच्या डब्यावर झेडझेड छापलेलं असतं, दुसरीच्या डब्यावर २झेड, आणि दोन्हींचा अर्थ एकच, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. खरेदीवाला डब्यावरचं वाचून आवक करतो, मेंटेनन्सवाला सवयीचा कोड टाकून उचलतो. एक कोड ठेवा, शिल्लक त्यात वळवा, बाकीचे बंद करा. डिलीट करू नका, मागचा इतिहास जाईल. आणि नवीन कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, तो रजेवर असला तरी चालेल.

फरक ११ च्या, ९९ च्या, १४३ च्या पटीत (डझन, शंभर किंवा ग्रोस, उणे एक): युनिट. बोल्टचं खोकं शंभराचं, आवक झाली पाच खोकी, टाइप झालं पाच नग. रंगाचं याहून वाईट. खरेदी लिटरने, वापर किलोने, आणि मधला गुणक कुणीतरी "एक" टाकून मोकळा झालेला.

आयटेम कितीही काम झालं तरी संपतच नाही: दशांश. एका नगाला साडेचार ग्रॅम ग्रीस लागतं, म्हणजे ०.००४५ किलो. सॉफ्टवेअर दोन दशांशांवर लावलेलं असेल तर ते होतं ०.००. हजार नगांना साडेचार किलो ग्रीस गेलं, आणि सिस्टीमच्या मते काहीच गेलं नाही.

दर ट्रकमागे थोडा-थोडा फरक, नेहमी एकाच बाजूला: वजनकाटा. पार्टीच्या बिलावर ५,१२० किलो, आपल्या काट्यावर ५,०८५, आणि जीआरएन (आवकेची नोंद) बिलावरून. दर गाडीला ३५ किलोचा माल जन्माला आला जो कधी गेटमधून आत आलाच नाही. आपल्या काट्याचं वजन घ्या आणि फरकाची डेबिट नोट काढा. एवढ्याशासाठी पार्टीशी वाईटपणा नको असेल तर फरक त्याच दिवशी घट म्हणून लिहा. मार्चपर्यंत साठवू नका.

चोर सापडला बँडसॉवर

आता फोनवरचा तो ४० एमएमचा बार. तिथे मी पोहोचेपर्यंत भंगारवाल्यावर संशय घेऊन झाला होता, वॉचमनवरही, आणि गेटवर नवा कॅमेरा लागला होता. फरक उत्पादनाबरोबर वाढत होता आणि गणपतीच्या सुट्टीत थांबला होता. चोर काही गणपतीची सुट्टी घेत नाही. म्हणून मी ऑफिसात न बसता बँडसॉपाशी, म्हणजे बार कापायच्या करवतीपाशी, जाऊन उभी राहिले.

स्टीलच्या गोल बारचं वजन काढायचं सूत्र स्टोअरमधल्या कुणालाही झोपेत विचारा: व्यासाचा वर्ग भागिले १६२. चाळीस गुणिले चाळीस १६००, भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८७७ किलो. ड्रॉइंगवर नगाची लांबी होती ८२ एमएम. बीओएम (एका नगाला कोणता माल किती लागतो ती यादी) करणाऱ्या मुलाने तेवढीच धरली आणि नगाला ०.८१० किलो लिहिलं. कागदावर काही चूक नाही.

बँडसॉवर मात्र ८२ चा तुकडा कुणी कापत नाही. दोन्ही बाजूंच्या फेसिंगसाठी (टोकं सपाट करायला) ३ एमएम जास्त ठेवतात. पात्याने खाल्लेले २ एमएम वेगळे. एका नगाला लागले ८७. तीन मीटरच्या बारमधून असे ३४ नग निघतात आणि शेवटी ४२ एमएमचा तुकडा उरतो. त्याचं काही होत नाही, तो भंगारात. अख्ख्या बारचं वजन २९.६३ किलो, त्याला ३४ ने भागा: नगाला ०.८७१ किलो. बीओएमपेक्षा ६१ ग्रॅम जास्त.

एकसष्ट ग्रॅम म्हटल्यावर प्रॉडक्शन मॅनेजर हसले. महिन्याला किती नग काढता विचारलं, ते म्हणाले दहा हजार. कॅल्क्युलेटरवर आकडा आला तेव्हा हसायचे थांबले. सुमारे ६१५ किलो. फोनवर सांगितलेला फरक तेवढाच होता.

हे झालं कारण बहुतेक ईआरपीत बॅकफ्लश चालू असतो. नग तयार झाल्याची नोंद केली की बीओएमप्रमाणे कच्चा माल आपोआप वजा होतो. सोय मोठी आहे, पण मग तुमचा स्टॉक बीओएमइतकाच खरा. ईआरपीनेक्स्टमध्ये बॅकफ्लश बीओएमवरून करायचा की कामासाठी प्रत्यक्ष हलवलेल्या मालावरून, हे मॅन्युफॅक्चरिंगच्या सेटिंगमध्ये निवडता येतं. बारकामाला मी दुसरं निवडते, कारण बार मोजून देता येतात. फास्टनरला (नट-बोल्ट वगैरे) पहिलं चालतं.

उपाय असा: बीओएममध्ये ड्रॉइंगचं वजन टाकू नका, बार भागिले निघालेले नग हे टाका. आणि एकदा टाकून झोपू नका. पुरवठादार तीन मीटरच्या ऐवजी ३.२० मीटरचे बार पाठवायला लागला की गणित बदलतं. तिमाहीतून एकदा बँडसॉवर अर्धा तास उभं राहायचं. रिजेक्शनही विसरू नका. सुपरवायझर फक्त चांगले नग लिहितो, पण फेकलेल्या नगालाही तेवढाच बार लागलेला असतो.

उलट तपासणी भंगाराने होते. तयार नग समजा ५२० ग्रॅमचा आहे, तर नगामागे ३५१ ग्रॅम चिप्स आणि तुकड्यांत गेले पाहिजेत. दहा हजार नगांमागे साडेतीन टन. भंगाराच्या पावत्या काढा. त्यात दोनच टन दिसले तर मात्र गेटवरच्या कॅमेऱ्याचा काहीतरी उपयोग होईल.

काकांची खरी वही

दुसरा कारखाना, तोही मशिनिंगचाच. इथला फरक विचित्र होता. सकाळी असायचा, सोमवारी सर्वांत मोठा असायचा, आणि मंगळवार दुपारपर्यंत बराचसा नाहीसा व्हायचा. असा येणारा-जाणारा फरक दिसला की माल बरोबर असतो, वेळ चुकलेली असते.

स्टोअरमध्ये निवृत्तीला आलेले एक काका होते. टेबलाच्या खणात लाल कापडी बांधणीची लांब वही. मी विचारलं, "काका, ही कसली वही?"

"ही खरी वही, ताई. कॉम्प्युटरमधली साहेबांना बघायला."

ते चेष्टा करत नव्हते. ईआरपी चालू होऊन वर्ष झालं होतं आणि वर्षभर दोन हिशोब चालले होते. रॅकवर जाऊन पाच आयटेम मोजले. पाचही वहीप्रमाणे भरले.

मग वही आणि छापलेला लेजर शेजारी ठेवून बसलो, चहाचे तीन कप होईपर्यंत. वहीत असलेल्या आणि सिस्टीममध्ये नसलेल्या ओळी जवळजवळ सगळ्या दुसऱ्या शिफ्टच्या. काका सहाला घरी जात. किल्ली वॉचमनकडे. रात्री सुपरवायझर माल काढायचा आणि इन्सर्टच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर लिहायचा: "४० चे १० बार, सीएनसी ३." तारीख नाही, सही नाही. ते झाकण खिळ्याला. सकाळी काका ते वहीत उतरवायचे. डेटा एंट्रीची मुलगी खिळा रिकामा करायची सोमवारी, आणि सगळ्याला तारीख पडायची सोमवारची. उत्पादनाची नोंद मात्र त्या-त्या रात्रीच. म्हणजे नग तयार झाले शुक्रवारी आणि त्यांचा बार स्टोअरमधून निघाला सोमवारी.

इथे एक मोह होतो: बारकोड घेऊ, स्कॅनर घेऊ. घ्या, पण नंतर. रात्री स्टोअरला माणूसच नसेल तर स्कॅनर खिळ्याशेजारी लटकेल. आम्ही केलं ते साधं होतं. मशिनशेजारी एक रॅक ठेवला आणि सिस्टीममध्ये त्याचं वेगळं लोकेशन उघडलं, "लाईन स्टोअर". संध्याकाळी साडेपाचला काका रात्रीपुरता माल मोजून तिकडे हलवतात आणि त्याच वेळी ट्रान्सफरची एंट्री करतात. रात्री जे लागेल ते त्या रॅकवरून. सकाळी उरलेलं मोजायचं. मुख्य स्टोअरची किल्ली वॉचमनकडून काढून घेतली. त्यावरून दोन दिवस आरडाओरडा झाला, कारण पहिल्याच रात्री एक मशिन बारवाचून उभं राहिलं. तिसऱ्या दिवसापासून सुपरवायझर पाचलाच यादी आणून द्यायला लागला.

वही बंद केली नाही. महिनाभर रोज संध्याकाळी वहीचं पान आणि सिस्टीम जुळवली. वही बंद करायचा निर्णय काकांवर सोडला होता.

याचंच मोठं रूप म्हणजे सिस्टीमला माहीत नसलेल्या जागा. अमेरिकेतल्या हर्शी कंपनीचं १९९९ सालचं उदाहरण ईआरपीच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. हॅलोविनच्या तोंडावर नवी यंत्रणा चालू केली आणि माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत देता आल्या नाहीत. कारणं बरीच होती. त्यातलं एक असं सांगतात, की गर्दीच्या दिवसांत कारखान्यातल्या जास्तीच्या खोल्यांमध्ये ठेवायची सवय असलेला माल सिस्टीमच्या लोकेशनमध्ये धरलेलाच नव्हता. आपल्याकडे ती खोली म्हणजे जिन्याखालची जागा, जनरेटर रूम, मालकांच्या केबिनमागचा बोळ. फेरी मारा आणि जिथे-जिथे माल दिसेल त्या प्रत्येक जागेला लोकेशन द्या, जागा कितीही लाजिरवाणी असो.

जॉबवर्कला गेलेला माल

हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ग्राइंडिंग बाहेर होत असेल तर निम्मा घोळ तिथे असतो. आपण नग मोजून पाठवतो, भट्टीवाला किलोने बिल लावतो, आणि परत येताना चलनावर फक्त किलो. किंवा माल भट्टीवरून आपल्याकडे न येता थेट प्लेटिंगवाल्याकडे जातो, टेम्पोचं भाडं वाचवायला. टेम्पो वाचतो, पण सिस्टीममध्ये तो माल अजून भट्टीतच.

प्रत्येक जॉबवर्करचं वेगळं लोकेशन, चलनावर नग आणि किलो दोन्ही, आणि थेट पाठवलेल्या मालाला आपल्याकडे कागदोपत्री आवक-जावक, एवढं केलं तरी पुष्कळ. जुन्या न मिटलेल्या चलनांची यादी दर महिन्याला काढा. हे फक्त स्टॉकसाठी नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली माल ३ वर्षांत परत आला पाहिजे (डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही). नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि कर मागून व्याजासकट लागतो. शिवाय आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायचा असतोच, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. तो फॉर्म भरताना सीए जी चलनं मागतो तीच आपण सहा महिने आधी बघायची.

निगेटिव्ह स्टॉकचं बटण

गो-लाइव्हच्या आठवड्यात बिल अडतं, कारण सिस्टीममध्ये स्टॉक नाही आणि गाडी गेटवर उभी आहे. मालक ओरडतात. बसवणारा माणूस निगेटिव्ह स्टॉकची परवानगी चालू करतो, गाडी जाते, आणि ते बटण बंद करायचं राहून जातं. टॅलीसुद्धा निगेटिव्हला इशारा देतो आणि पुढे जाऊ देतो. मोठ्या सॅपमध्ये बॅकफ्लशला माल सापडला नाही की ती एंट्री सीओजीआय नावाच्या यादीत जाऊन पडते. मी अशी यादी पाहिली आहे जी कुणी कित्येक महिने उघडलीच नव्हती.

नगांचा घोळ दिसतो तरी. किमतीचा दिसत नाही. साध्या भारित सरासरीने हिशोब करू. स्टॉक १० किलो, दर ६० रुपये. खप नोंदला ५० किलो, कारण आवक अजून टाकली नव्हती. शिल्लक उणे ४० किलो, किंमत उणे २,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी ५० किलोची आवक, दर ८०, म्हणजे ४,००० रुपये. आता शिल्लक १० किलो आणि किंमत १,६०० रुपये. किलोला १६० रुपये झाले! साठ आणि ऐंशीची सरासरी एकशेसाठ. काही सॉफ्टवेअर यावर आतून दुरुस्ती करतात, सगळी नाही. तुमचं काय करतं ते टेस्ट कंपनीत (सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी उघडलेल्या कंपनीत) हेच आकडे टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

बटण एकदम बंद करू नका. महिनाअखेरीला बिलं अडतील, मालक ते परत चालू करायला लावतील, आणि मग पुढची दोन वर्षं कुणी त्याचं नाव काढणार नाही. आधी महागाच्या आयटेमना बंद, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ते सुरळीत झालं की पुढचा गट. सॉफ्टवेअरमध्ये आयटेमवार सोय नसेल तर तेवढ्यांचं रोज सकाळी निगेटिव्ह रिपोर्ट काढून मिटवायचं.

मोजणी आणि कुलूप

कारणं मिटवल्यावर मोजणी करा, आधी नाही. मोजायच्या दिवशी आवक-जावक बंद. शेवटचा जीआरएन नंबर, शेवटचं चलन, शेवटची इश्यू स्लिप फळ्यावर लिहून ठेवायची, म्हणजे "ही गाडी मोजण्याआधीची की नंतरची" हा वाद होत नाही. मोजणाऱ्याला सिस्टीमचा आकडा दाखवायचा नाही. दाखवला की रॅकवर बरोबर तेवढेच नग सापडतात, हा अनुभव आहे. दोघांनी मोजायचं, एक स्टोअरचा आणि एक अकाउंट्सचा. मोठा फरक आला तर दुसऱ्या जोडीकडून परत.

मग अ‍ॅडजस्टमेंट, पण वेगळ्या खात्यात, कारण लिहून, मालकांच्या मंजुरीने. ती खपात मिसळली तर कॉस्टिंग बिघडतं आणि पुढच्या वेळी पुरावा सापडत नाही.

वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा रोज सकाळी दहा आयटेम मोजणं मला बरं वाटतं. महागाचे आयटेम महिन्यातून एकदा तरी फिरून आले पाहिजेत. फरक सापडला तर तो कालचा-परवाचा असतो, माणसांना आठवत असतं.

मागच्या तारखेच्या एंट्रीला कुलूप लावा, तीन दिवसांपलीकडे फक्त एकाच्या पासवर्डने. आणि "मागून पुसून टाकू" हा मार्ग कंपन्यांना आता कायद्यानेही बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल असावा लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये.

मग सॉफ्टवेअर बदलायचं का?

वरचं सगळं करूनही फरक येत असेल तर सॉफ्टवेअरवर संशय घ्या. मी तीन-चार गोष्टी बघते. एका आयटेमला नग आणि किलो दोन्ही ठेवता येतात का, आणि गुणक दर लॉटला वेगळा चालतो का? बार, पत्रा, कास्टिंगवाल्यांना याशिवाय भागत नाही. जॉबवर्करकडून जॉबवर्करकडे माल जातो ते दाखवता येतं का, घट धरून? उरलेला तुकडा स्टोअरला परत घेता येतो का? दशांश किती? यातलं काही नसेल आणि बसवणारा म्हणत असेल "तुम्ही एक्सेलमध्ये ठेवा ना तेवढं", तर हो, बदलायची वेळ आली.

पण बदलताना डेमो त्यांच्या डेटावर बघू नका. विक्रेत्याच्या डेमोत नेहमी टेबल आणि खुर्ची असते, चार पाय, एक फळी, सगळं पूर्णांकात. तुमचा एक बार, एक नग, एक भट्टीचं चलन आणि एक रिजेक्शन घेऊन जा, आणि समोर बसून करून दाखवायला सांगा. अर्ध्या तासात गप्प होतात ते होतात.

उलट बाजूही आहे. जर्मनीच्या लिडलने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालून २०१८ मध्ये आपला सॅपचा प्रकल्प सोडून दिला. गाडं अडलं त्यातली एक जागा म्हणजे मालाची किंमत. लिडल खरेदीच्या दराने धरायची, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या दराची, आणि कंपनीने सवय न बदलता सॉफ्टवेअर वाकवायला घेतलं. आपल्याकडे आकडे लहान असतात, हट्ट तोच. "आमच्याकडे असंच चालतं" हे वाक्य मीटिंगमध्ये आलं की मी ते कागदावर लिहून घेते आणि विचारते, हे गिऱ्हाइकासाठी चालतं, कायद्यासाठी चालतं, की फक्त सवय आहे? पहिल्या दोन्हींसाठी सॉफ्टवेअर वाकवावं. तिसऱ्यासाठी एक रुपया घालू नये.

शेवटी, कशाच्या मागे लागायचं नाही तेही सांगते. कॉटन वेस्ट, कटिंग ऑइल, हातमोजे, वेल्डिंगची वायर, खडू. यांचा शॉपवरचा स्टॉक जुळवायला मी कधीच जात नाही. स्टोअरच्या खिडकीतून बाहेर पडलं की खर्ची टाकायचं आणि महिन्याचा एकूण खर्च नगांशी ताडून बघायचा. एका कारखान्यात हातमोज्यांच्या जोड्या जुळवायला अकाउंट्सचा माणूस दोन दिवस बसला होता. डावे बावीस जास्त भरले.